घरचे वाल

रोह्यापासून पेणपर्यंत पोपटी लावणारे पुष्कळ. थंडी पडली आणि वालाच्या शेंगा भरल्या की ज्याला घरी चहा करता येत नाही तोही मडकं घेऊन शेतात उभा राहतो. पण पिंपळकोंडच्या गुणाजीच्या पोपटीची गोष्ट वेगळी होती. ज्यांनी ती खाल्ली होती ते तिच्याबद्दल बोलत, आणि ज्यांनी खाल्ली नव्हती ते त्याहून जास्त बोलत.

गुणाजी कुणब्याचा. उंचीनं बेताचा, बोलायला त्याहून बेताचा. चौथीत त्यानं शाळा सोडली की शाळेनं त्याला, याबद्दल गावात दोन मतं होती. पावसाळ्यात भात, भात कापलं की त्याच शेतात वाल, असं त्याचं वर्ष ठरलेलं. वालाला वरून पाणी द्यावं लागत नाही. पावसानं जमिनीत जी ओल मागे ठेवलेली असते तिच्यावरच तो येतो. गुणाजीचं शेत भैरीच्या ओहोळाला लागून. पावसात ओहोळ शेतात पसरायचा, गाळ टाकून जायचा, आणि पौषात त्या ओलीवर असे वाल यायचे की शेंगेवरून बोट फिरवलं तर आतले दाणे मोजता यावेत.

पोपटीचं शास्त्र त्यानं कधी लपवून ठेवलं नाही. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, वर शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधूनमधून कांदे-बटाटे, मग पुन्हा पाला कोंबून तोंड बंद. मडकं पालथं घालायचं, भोवती पेंढा नि गोवऱ्या रचायच्या आणि पेटवून द्यायचं. मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारला आणि तो चर्र करून नाहीसा झाला की पोपटी झाली. आत मात्र पाण्याचा थेंब घालायचा नाही.

"शेंग सोताच्या वलीत शिजते," गुणाजी सांगायचा. "जमिनीनं तिला जे पाजलं तेच भाईर येतं."

हे तो आपल्या जमिनीच्या कौतुकानं सांगायचा. दुसरी एक गोष्ट तो सांगायचा नाही, नुसती पाळायचा. वालाच्या दिवसांत शेतावर आलेला माणूस उपाशी परतता कामा नये, आणि त्याच्या पुढ्यात ठेवायचं ते हातचं सगळ्यात चांगलं. बापानं हे त्याला सांगून शिकवलं नव्हतं. बाप तसा वागला, पोरगा तसा वागला.

मग ओहोळाच्या वरच्या अंगाला कंपनी आली. धाटावच्या कारखान्यांच्या वसाहतीत नव्हे, तिच्या बाहेर, स्वस्तात मिळालेल्या माळावर. ती कसली, हे गावाला नीट कधी कळलं नाही. पिंपं यायची, पिंपं जायची. गावातली पोरं कंत्राटावर लागली, त्यांत गुणाजीचा जनूही. घरात पहिल्यांदाच दर महिन्याला नेमानं पैसा येऊ लागला, तेव्हा कंपनीला नावं ठेवायला कुणाची जीभ रेटेना. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

पण वाल कुणाच्या पगारावर नसतात. दोन-तीन पावसाळे गेले आणि ओहोळाकडच्या शेंगा चपट्या यायला लागल्या. लांबून शेत हिरवंगार दिसायचं. जवळ गेलं की पानांच्या कडा करपलेल्या, आणि शेंग चुरडली तर तिला वास. एके वर्षी गुणाजीनं पोपटी उघडली, एक दाणा तोंडात टाकला आणि थुंकला. कुणाला काही न बोलता त्यानं ते मडकं शेताच्या कडेला खड्डा करून पुरलं. त्या दिवसापासून ओहोळाकडचे वाल घरात शिजले नाहीत. पेरायचा मात्र तो दर वर्षी. शेत मोकळं ठेवायला हात धजत नव्हता.

या भानगडीत दामोदर मास्तर पडले ते आपणहून. मास्तर पेणचे, हायस्कुलात शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या आजोबांची पिंपळकोंडात खोती होती. कुळकायद्यात जमिनी कुळांच्या झाल्या, त्यांत गुणाजीच्या बापाचीही. म्हणजे ज्या घराची जमीन गेली, त्याच घरातला माणूस आता त्या जमिनीच्या ओलीसाठी अर्ज खरडत होता. माणसाला एखाद्या मातीची माया का असते हे सात-बारावरून कळत नाही, एवढंच म्हणायचं.

मास्तरांना एक नियम सापडला होता. नदी आणि तिला मिळणारे ओहोळ, यांच्या काठापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत असले कारखाने नकोत, असा तो नियम. कंपनी ओहोळापासून हाकेच्या अंतरावर होती आणि आता तिला वाढायचं होतं. मास्तरांनी नियमावर बोट ठेवून अर्जांवर अर्ज केले. असे अर्ज आणखी पाच-पन्नास गावांतून गेले असतील, कारण एक दिवस कारखानदार सरकारला म्हणाले, हा नियम काढा, नाहीतर आम्ही शेजारच्या राज्यात चाललो.

राज्यात तेव्हा दोन पक्षांचं मिळून सरकार होतं. एका पक्षाला कारखानदार हवे होते. दुसऱ्यालाही कारखानदारच हवे होते, पण नियम वाचवल्याचं नावही हवं होतं. अशा वेळी जे करतात तेच त्यांनी केलं. समिती नेमली. समिती गावोगाव जाऊन पिकं पाहणार, आणि ओहोळांमुळे पिकांचं खरंच काही बिघडतं का ते सांगणार. मास्तरांनी खटपट करून पिंपळकोंडचं नाव समितीच्या दौऱ्यात घालून घेतलं.

"गुणाजी, तुम्ही काही बोलू नका," मास्तरांनी बजावलं. "नुसतं शेत दाखवा. शेतच बोलेल."

गुणाजीला हे पटलं. न बोलणं त्याला जमण्यासारखं होतं.

समिती यायच्या आदल्या आठवड्यात हैबतराव शेतावर आला. हैबतराव पंचायत समितीचा माजी सभापती, गुणाजीच्या बरोबरीचा. लहानपणी दोघांनी एकाच म्हशीच्या पाठीवर बसून ओहोळ ओलांडलेला. भांडण दिसलं की हैबतराव मध्ये सतरंजी अंथरायचा. 'मधला मार्ग' हे त्याचं आवडतं बोलणं. गावात कुणाच्या वाटण्या असोत की कुणाची सोडचिठ्ठी, हैबतरावानं मधला मार्ग काढला नाही असं झालं नाही, आणि त्या मार्गानं जाताना दोन्ही बाजूंच्या पायात काटे मोडले नाहीत असंही झालं नाही. माणूस वाईट नव्हता. फक्त कुणालाच नाराज करायचं नाही हे व्रत त्यानं घेतलं होतं, आणि ते व्रत शेवटी नेहमी गरिबालाच महाग पडतं.

"गुणाजी, मंबईचे पावणे येतायत," तो म्हणाला. "वालाचे दिवस हायत. पोपटी लाव."

हे सांगायलाच नको होतं. गुणाजी त्याच विचारात होता.

रात्रीच्या भाकऱ्या थापता थापता कृष्णाबाईनं विचारलं, "वाल कुठचे घालनार?"

गुणाजी चुलीत लाकूड सारत राहिला.

"आपलंच घाला," ती म्हणाली. "ओहोळाकडचे. खाऊ दे की त्यांना. त्याच्यासाठीच येतायत ना?"

"पावण्याला?"

"पावणे नायत ते. तपासायला येतायत."

"शेतात येनार, बांदावर बसनार, मंग पावणेच की."

"तुमाला कळत कसं नाय? त्यांना कळाया नको आपन काय भोगतो ते?"

"ते शेत बघतील ना. शेतच बोलंल, मास्तर म्हनलेत." मग, जमिनीकडे बघत, "जे मी थुकलो ते दुसऱ्याच्या पानात कसं वाडू गो?"

याला कृष्णाबाईपाशी उत्तर होतं, पण नवऱ्याचा चेहरा बघून तिनं ते भाकरीबरोबर तव्यावर टाकलं. ती चूक होती असं तिला पुढे वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी गुणाजी रोह्याहून गाडीत बसला आणि जित्याला उतरला. त्याची धाकटी बहीण मैना तिथं दिलेली. तिचं शेत स्टेशनपासून चालत जायच्या अंतरावर, ओल चांगली, वाल पूर्वी गुणाजीकडे यायचे तसेच. भावाचं काम कळल्यावर मैना स्वतः कंबर खोचून शेतात उतरली आणि निवडून निवडून शेंगा तोडल्या. गोणी भरून तिनं वर भांबुर्डीही ठेवली.

"भांबुर्डी हाय माज्याकडं," गुणाजी म्हणाला.

"असू दे. माझ्याबी शेताची असू दे जरा. मंबईचे लोक खानार."

गोणी पायाशी घेऊन तो परतीच्या गाडीत बसला तेव्हा बऱ्याच वर्षांनी त्याला आपण काहीतरी नीट करतो आहोत असं वाटलं.

समिती आली दुपार कलल्यावर. तीन साहेब, त्यांतले पांढऱ्या केसांचे मोठे. मागच्या गाडीत कंपनीचे मॅनेजर, तेही पाहुणेच. मास्तरांनी त्यांना ओहोळ दाखवला, पानांच्या कडा दाखवल्या, शेंगा चुरडून नाकाशी धरल्या. मोठे साहेब मान हलवत होते. पण शेत लांबून हिरवं होतं, मॅनेजर 'करपा आहे हा, कुठेही पडतो' असं हळूच म्हणत होते, आणि साहेबांच्या बुटांना चिखल लागला होता. शेत बोललं, नाही असं नाही. फार हळू बोललं. तेवढ्यात वरच्या बांधावरून पोपटीचा वास आला आणि सगळ्यांचे पाय तिकडे वळले.

ती पोपटी गुणाजीच्या जन्मातली सगळ्यात चांगली. मडकं उघडलं, शेंगा केळीच्या पानांवर ओतल्या, वाफ निघाली. साहेबांनी आधी एक शेंग सोलली, मग दुसरी, मग दोन्ही हातांनी सोलायला लागले. मंत्रालयातला माणूस गुडघे मोडून बांधावर बसतो आणि बोटं चाटतो, हे गावानं पहिल्यांदा पाहिलं. गुणाजी उभ्या उभ्या सुखावला.

"वा!" मोठे साहेब म्हणाले. "हे वाल घरचेच का?"

"व्हय सायेब," गुणाजी म्हणाला. "घरचेच."

आता इथं जरा थांबायला हवं, कारण सगळं इथंच फिरलं. आमच्याकडे जिन्नस दोन जातींचे, एक विकतचे आणि एक घरचे. मामाकडून आलेला फणस घरचा, व्याह्यांनी धाडलेले तांदूळ घरचे. बहिणीच्या शेतातले वाल तर घरचेच. त्यांना दुसरं काही म्हणणं म्हणजे बहिणीला परकी म्हणणं. साहेबांनी विचारलं हे बाजारातून आणले का, असं गुणाजीनं ऐकलं. हे या शेतात पिकले का, असं साहेबांनी विचारलं होतं. दोघंही मराठीच बोलत होते.

चुलाण्याच्या पलीकडून कृष्णाबाईनं तोंड उघडलं होतं. पण हैबतराव म्हणाला, "वयनी, आजून शेंगा आना," आणि ती मडक्याकडे वळली. मास्तर त्या वेळी धाकट्या साहेबांना नकाशा दाखवत होते. या शेंगा इतक्या गोड कशा, असं त्यांच्या मनात येऊन गेलं होतं. मग विचारू म्हणाले, आणि राहून गेलं.

निकाल पावसाळ्यात लागला. पेपरात मोठ्या अक्षरात आलं, 'नदीचा नियम कायम'. एक पक्ष म्हणाला नियम आम्ही वाचवला. नियम वाचलाच होता. त्यातून फक्त ओहोळ वगळले होते. नदीच्या काठी कारखाना नको तो नकोच. ओहोळाच्या काठी हवा तेवढा चालेल. ओहोळ शेवटी नदीलाच मिळतो, हे दोन्ही पक्षांतल्या कुणालाच ठाऊक नसावं. कारखानदार शेजारच्या राज्यात गेले नाहीत. हैबतराव म्हणाला, मधला मार्ग निघाला.

मास्तर पावसात भिजत आले. समितीच्या अहवालाची प्रत त्यांच्या पिशवीत होती. ओसरीवर बसून त्यांनी त्यातलं पिंपळकोंडचं तेवढं वाचून दाखवलं. ओहोळाच्या काठच्या शेतकऱ्याने घरच्या पिकातील शेंगा समितीस खाऊ घातल्या, पिकाचा दर्जा उत्तम आढळला, असं त्यात होतं.

मास्तरांनी कागदाची घडी केली. "गुणाजी, ते वाल कुठले होते?"

"जित्याचे. मैनाच्या शेतातले."

"मग घरचे का म्हणालात हो?"

गुणाजी त्यांच्याकडे बघतच राहिला. प्रश्नच त्याला कळेना.

"मंग भईनीचं घर कुनाचं, मास्तर?"

मास्तरांनी आयुष्यभर व्याकरण शिकवलं होतं. चा-ची-चे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांकडून घोकून घेतलं होतं. ते पागोळ्यांकडे पाहत बसले, आणि त्या वेळात गुणाजीला हळूहळू सगळं समजलं. आपण दिलेलं एक उत्तर मुंबईला गेलं आणि तिथून कायदा होऊन परत आलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुमच्या पोपटीनं काही झालेलं नाही," जाताना मास्तर म्हणाले. "ठरलेलंच होतं ते. त्यांना निमित्त हवं होतं, इथं नाही तर दुसरीकडे मिळालं असतं."

ते खरंही असेल. पण गावोगावची पिकं बिघडली ती दुसऱ्या कुणाच्या निमित्तानं असती, तर गुणाजीला जेवण गेलं असतं. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. साहेब जागले, फार चांगले जागले. त्यांनी त्याच्या वालाची तारीफ सरकारदरबारी नोंदवून ठेवली.

गुणाजीनं पोपटी लावणं सोडलं. लोक बोलवायला यायचे, पेणहून, नागोठण्याहून. तो कमरेत धरलंय म्हणायचा. कृष्णाबाईनं त्याला एका शब्दानं टोचलं नाही, आणि तेच त्याला जास्त टोचायचं. मैना दर पौषात वालाची गोणी पाठवायची. त्याचं बिरडं व्हायचं, तो जेवायचा, वाल कसे झालेत ते कधी बोलायचा नाही. कंपनी वाढत वाढत ओहोळाच्या काठाला येऊन टेकली. मास्तरांच्या हातात काठी आली.

असेच पुष्कळ पौष गेले. मग कंपनीला ओहोळच नको झाला. तो पाइपात घालून वर शेड बांधायची, अशी तिची मागणी होती. आता ओहोळाला नियमाचं संरक्षण नव्हतं, पण गावाचं काय म्हणणं आहे ते ऐकून जागा पाहायची एवढी पद्धत अजून उरली होती. जिल्ह्याहून एक अधिकारी बाई येणार होत्या. ओहोळ पाइपात गेला तर पावसात शेतात गाळ येणार नव्हता. पाणी येईल ते शेडच्या अंगणातलं. गुणाजीचं शेत त्यानंतर शेत राहणार नव्हतं, आणि गावाची खालची सगळी शेतंही.

हैबतराव पुन्हा आला. आता तोही थकला होता, बांध चढताना त्याला धाप लागली.

"गुणाजी, कंपनी म्हनते, जनूला कायम करतो. त्याच्याबरोबरच्या पोरांनाबी." तो जरा थांबला. "तू पोपटी लाव, बस. मागल्यासारखी. वालाची काळजी करू नको, मॅनेजर गोणी धाडतो म्हनलेत, आलीबागचे, एक लंबरचे."

गुणाजीनं मित्राकडे पाहिलं. ज्या गोष्टीनं त्याला घास गोड लागेनासा झाला होता ती कंपनीनं इतकी नीट लक्षात ठेवली होती.

"लावतो," तो म्हणाला. "गोणी नको. वाल हायत माझ्याकडं."

हैबतरावाला हायसं वाटलं. जित्याची बहीण त्याला ठाऊक होती.

अधिकारी बाई यायच्या त्या दिवशी सकाळी मैना आपली गोणी घेऊन आलीच होती. पण ती कृष्णाबाईनं आत नेली, आणि मैनानंच मागं धाडलेले, भिजवून मोड काढून ठेवलेले वाल सोलायला दोघी बसल्या. गुणाजी एकटाच टोपली घेऊन ओहोळाकडे गेला. कित्येक वर्षांत ज्या शेंगांना त्यानं हात लावला नव्हता त्या त्यानं तोडल्या. चपट्या, डागाळलेल्या, जशा होत्या तशा. जनू शिफ्टला जाताना गाडी थांबवून बघत होता. "बाबा, नक्की ना?" त्यानं विचारलं. गुणाजीनं मान हलवली, आणि जनूनं गाडीला किक मारली.

बाई वयानं तरुण होत्या, पायात साध्या चपला. त्यांनी जागा पाहिली, ओहोळ पाहिला, काठीवाल्या मास्तरांचं ऐकलं, मॅनेजरचंही ऐकलं. मग सगळे वरच्या बांधावर आले. मडकं पालथं होतं, जाळ विझत आलेला. गुणाजीनं पाण्याचा शिंतोडा मारला, तो चर्र झाला. त्यानं मडकं सरळ केलं आणि पाला उपसला.

आधी ओवा नि भांबुर्डीचा वास आला, ओळखीचा. मग त्याच्या खालून दुसरा आला. पाणी न घालता, तोंड बंद करून, शेंगा आपल्या ओलीत शिजल्या होत्या. जमिनीनं त्यांना इतकी वर्षं जे पाजलं होतं ते सगळं वाफेबरोबर बाहेर पडलं. मॅनेजर दोन पावलं मागे सरकले. हैबतरावाचा चेहरा उतरला.

गुणाजीनं शेंगा केळीच्या पानावर ओतल्या आणि पान बाईंच्या पुढ्यात ठेवलं. बाईंना वास आला होता. पण म्हाताऱ्यानं एवढं केलंय, नाही कसं म्हणायचं, म्हणून त्यांनी एक शेंग उचलली, सोलली, आणि दाणा तोंडाकडे नेला.

गुणाजीनं पुढे होऊन त्यांच्या पुढ्यातलं पान ओढून घेतलं.

बांधावरच्या सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. पाहुण्याच्या पुढचं पान ओढणं म्हणजे काय, हे तिथल्या पोराठोरांनाही ठाऊक होतं.

"खाऊ नका बाई," तो म्हणाला. "हे घरचे हायत."

बाईंनी दाणा खाली ठेवला. मग गुणाजीनं मागचंही सांगितलं, मोजक्या शब्दांत. मुंबईच्या साहेबांनी घरचे का म्हणून विचारलं होतं, आपण व्हय म्हणालो होतो, ते वाल बहिणीचे होते. तुमच्या कागदावर ते चुकीचं बसलंय, तेवढं पुसा. बाई ऐकत होत्या. मास्तर दोन्ही हातांनी काठी धरून उभे होते.

पाहुणा उपाशी कसा जायचा, म्हणून कृष्णाबाईनं भात आणि वालाचं बिरडं पुढे आणून ठेवलं. मैना तिच्या मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिली. बाईंनी एक घास खाल्ला, आणि दुसरा घेताना थांबल्या.

"आणि हे वाल?"

गुणाजीनं मैनाकडे पाहिलं. डोक्यावर पदर, हातात तांब्या, सकाळी गोणी उतरवताना खांद्याला लागलेली माती अजून तशीच. लहानपणी तिला पाठुंगळी घेऊन त्यानं हाच ओहोळ ओलांडलेला. उत्तर एकच होतं, आणि ते तिच्यासमोर द्यायचं होतं.

"हे जित्याचे," तो म्हणाला. "भईनीचे. हे घरचे नायत."

मैनानं तांब्या खाली ठेवला.

"लिवा बाई," ती म्हणाली. "खरं सांगतोय तो. घरचे नायत."

बाईंनी लिहून घेतलं. पुढे शेडची परवानगी अडली. ओहोळ पाइपात गेला नाही, अजून उघडाच वाहतो. वगळलेले ओहोळ नियमात परत आले नाहीत, कंपनीही जागची हलली नाही. जनूचा गेटपास महिनाभरात बंद झाला; आता तो धाटावला दुसऱ्या कारखान्यात जातो, कंत्राटावरच. हैबतराव बरेच दिवस गुणाजीशी बोलला नाही, मग बोलायला लागला. मास्तरांनी आणखी एक अर्ज लिहायला घेतला.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी गुणाजी बहिणीला गाडीवर सोडायला रोह्याला गेला. फलाटावर दोघं बाकड्यावर बसली. रिकामी गोणी मैनानं घडी करून मांडीवर ठेवली होती. गाडी यायला अवकाश होता.

"दादा," मैना म्हणाली, "बोललास ते बरं केलंस."

गुणाजीनं मान हलवली.

"पन मला लागलं रे."

"मलाबी," गुणाजी म्हणाला.

गाडी आली. त्यानं तिला हात धरून वर चढवलं, खिडकीतून गोणी आत दिली, आणि गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभा राहिला.